दोनशे फुटांवरून

“तुमचा प्रामाणिकपणा पॅनेलला फार भावला,” असं ती बाई फोनवर म्हणाली तेव्हा मी चंदननगरमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्या एका अर्जासाठी लॉगबुक घेऊन रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारे गृहस्थ आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर हव्यात म्हणून हुज्जत घालत होते. बाई विमान कंपनीच्या भरती विभागातली. तिनं आधी माझी निवड झाल्याचं सांगितलं, मग रुजू व्हायची तारीख, मग लॉगबुकच्या सगळ्या पानांच्या प्रती पाठवा म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, उगाच आपलं चांगलं बोलावं म्हणून, हे वाक्य. “चुकीबद्दलच्या प्रश्नाला इतकं खरं उत्तर कुणी देत नाही, असं कॅप्टनसाहेब म्हणत होते.” मी थँक यू मॅडम म्हणालो. तीनदा म्हणालो. ज्या फोनची दीड वर्ष वाट पाहिली तो हा फोन. आनंदानं उडी मारायची सोडून माझे कान तापले. शाळेत दुसऱ्याच्या वहीतलं गणित उतरवून शाबासकी मिळाली की तापायचे, अगदी तसे. दुकानदार म्हणाला, “बोला सर, किती पानं?” आणि मी लॉगबुक त्याच्या हातात द्यायचं सोडून छातीशी धरून उभा राहिलो.

लॉगबुक म्हणजे पायलटची वही. केव्हा उडालो, कुठल्या विमानातून, किती वेळ, शेजारी शिकवणारा होता की एकटाच होतो, हे सगळं त्यात लिहायचं असतं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. दुकानदार एकेक पान काचेवर पालथं घालत होता आणि हिरवट उजेड इकडून तिकडे सरकत होता. मला त्यातलं एकच पान ओळखायचं होतं आणि ते आलं तेव्हा उलट्या बाजूनंही ओळखू आलं. अकरा फेब्रुवारी, दोन वर्षांपूर्वीची. दोन तास दहा मिनिटं, एकट्यानं. शेऱ्याचा रकाना कोरा. बाकीच्या पानांवरही तो बहुतेक कोराच आहे, पण या एका ओळीतला कोरेपणा मीच ठेवलेला आहे. दुकानदारानं पान उचललं, दुसरं घातलं. त्याच्यासाठी ते दोन रुपयांचं काळं-पांढरं पान होतं. मला वाटलं, या माणसाला आत्ता सांगून टाकावं. इतका अनोळखी माणूस पुन्हा कुठं भेटणार. पण मागे रांग होती आणि मी तसाही वेळेवर न बोलण्यात तरबेज आहे.

लोकांना वाटतं विमान शिकणं म्हणजे सगळं कडक शिस्तीचं काम. तसं ते असतंही, सुरुवातीला. शेजारी शिकवणारा बसलेला, हातातल्या यादीवर बोट, चुकलं की खांद्यावर चापट. पण मोठ्या लायसनसाठी दोनशे तास भरावे लागतात आणि त्यातले शंभर एकट्यानं. हे शंभर तास म्हणजे, खरं सांगायचं तर, भटकणं. नाव ट्रेनिंगचं. दोन माणसांपुरतं छोटं विमान, शेजारची खुर्ची रिकामी, आणि तुम्ही आपले पूर्वेकडून पश्चिमेकडे, नदीच्या कडेकडेनं, कुठं काही पोचवायचं नाही, कुणाला आणायचं नाही. मी त्या तासांवर जीव टाकला. आमच्या शिरूर तालुक्यावरून गेलो की खाली घोड नदी, मग निमोण्याच्या वस्त्या, आमच्या मळ्याचा वाकडा तुकडा, गच्चीवर मोबाइल उंच धरून उभे असलेले वडील. त्यांना मी ठिपका दिसायचो आणि मला ते दिसायचेच नाहीत, पण त्यांनी विचारलं की मी “दिसलात ना आप्पा” म्हणायचो. तिथून दक्षिणेला वळलं की भीमा, जलपर्णीनं हिरवी झालेली, दोन्ही काठांना ऊस, आणि पार पुढे दौंडचं रेल्वे यार्ड, एखाद्यानं कंगवा टाकून द्यावा तसं. इंजिनाचा आवाज पायांतून छातीत चढायचा. मी गाणी म्हणायचो, मोठ्यानं, भसाड्या आवाजात, कारण ऐकायला कुणी नव्हतं. आजही दर महिन्याला एका रविवारी क्लबचं विमान घेऊन मी तासभर उडतो. हात चालता राहावा म्हणून, असं सांगतो. खरं कारण ती रिकामी खुर्ची आहे. फक्त त्या फेब्रुवारीनंतर मी दोन हजार फुटांच्या खाली आलेलो नाही आणि गाणंही म्हटलेलं नाही.

सिंधूबाई माझी थोरली आत्या, वडिलांची बहीण, राहू गावात दिलेली. मामांच्या मागे तिनं मळ्यात पोल्ट्रीचं शेड घातलं, पाच हजार पक्ष्यांचं, आणि गावातल्या बाप्यांना जमलं नाही असं चालवलं. मला तिनं अंगाखांद्यावर वाढवलेलं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिच्याकडे. मी पायलट होणार हे घरात पहिल्यांदा तिला सांगितलं आणि ती म्हणाली होती, “व्हय बाबा, हो. आपल्यातलं कुणीतरी वर बघून चालाया पायजे.” त्या वर्षी संक्रांतीला ती म्हणाली, “सार्थक, एकदा आमच्या मळ्यावरनं ने की रं तुझं इमान. मला तू आत बसल्याला बघायचाय. ठिपका न्हाई, तू.” मी म्हणालो, आत्या, विमानाच्या शाळेचा नियम आहे, दोन हजार फुटांच्या खाली यायचं नाही. ती म्हणाली, “नियम हाय तर ऱ्हाऊ दे.” एवढंच म्हणाली. हट्ट तिनं केला नव्हता हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर माझ्या मनात मी कितीतरी वेळा तो तिच्या तोंडी घातला आहे.

अकरा तारखेला दुपारी दोनला येतो, असं मीच फोन करून सांगितलं. राहूच्या अलीकडे नदी ओलांडली आणि विमानाचं नाक खाली धरलं. हजार, सहाशे, चारशे. उंची दाखवणारा काटा फिरताना पोटात जो गोळा येतो तो भीतीचा असतो असं शिकवतात. माझ्या पोटातला तो नव्हता. तो झोपाळ्यावर उंच गेल्यावर येतो तो होता. दोनशे फुटांवर उसाचे तुरे वेगवेगळे दिसायला लागले. शेडचे पांढरे पत्रे, बाजूचे निळे पडदे, अंगण, अंगणात हिरव्या लुगड्यातली आत्या. हात वर करून. मी तिचे दात पाहिले, इतका खाली होतो. पंख हलवून दाखवले आणि पुढे गेलो. मान वळवून मागे बघितलं तर शेडातून दुसरी एक बाई धावत बाहेर आली होती आणि दोन्ही हात डोक्यावरून जोरजोरात हलवत होती. पदर सुटला होता तिचा. मला वाटलं, हिलाही केवढा आनंद झालाय. मला वाटलं, हिनं पाहिलंच नाही, हिच्यासाठी परत एकदा. मी विमान तिरपं करून वळवलं आणि पुन्हा आलो, शेडच्या बरोबर डोक्यावरून, पहिल्यापेक्षाही जरा खाली.

ती बाई म्हणजे गिताबाई, शेडवर कामाला असलेली. ती हात हलवून मला हाकलत होती.

कोंबड्यांच्या शेडात मी लहानपणापासून गेलेलो आहे, मला हे कळायला हवं होतं. पोल्ट्री कंपनीची पिल्लं छत्तीस-सदतीस दिवसांत दोन किलोची होतात, अंगानं दांडगी आणि काळजानं उंदराएवढी. पत्र्यावर फांदी पडली तरी घाबरतात. घाबरली की सगळी एका कोपऱ्याकडे पळतात आणि एकमेकांवर चढतात, आणि खालची गुदमरून मरतात. कुणी त्यांना मारत नाही, त्यांचं त्यांनाच ओझं होतं. म्हणून शेडात मोठ्यानं बोलायचं नाही, धप्पकन दार लावायचं नाही. गिताबाई तर आत शिरण्याआधी बाहेरूनच हळू आवाज द्यायची, “आले गं बायांनो, मीच हाय.” रोज एकाच रंगाचं लुगडं नेसायची, पक्ष्यांना ओळख पटावी म्हणून. आत एक जुना रेडिओ लावून ठेवायची, त्यांना आवाजाची सवय राहावी म्हणून. अशा ठिकाणावरून मी इंजिन घेऊन गेलो. पहिल्या फेरीला ते कोपऱ्याकडे पळाले असणार. गिताबाई बाहेर धावली ती तेव्हा. दुसऱ्या फेरीला जे झालं ते झालं. ती आत जाऊन दोन्ही हातांनी पक्षी ओढून ओढून बाजूला फेकत राहिली, कोपरापर्यंत ओरबाडली. चारशे अकरा मेले. मी तेव्हा भीमेवरून परत जात होतो आणि गाणं म्हणत होतो.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. तिनं पक्षी मेल्याचं सांगितलं. मग म्हणाली, “गिताबाई म्हणतीया इमान लय खाली आलं म्हणून झालं. तू किती वर व्हतास रं?” मी होस्टेलच्या जिन्यात उभा होतो. खालून मेसच्या आमटीचा वास येत होता. मला माहीत होतं की ती अंगणात उभी होती. तिनं मला पाहिलं होतं, मी तिचे दात पाहिले होते. आणि तरी मी म्हणालो, “दोन हजार फुटांवर होतो आत्या. नियमच आहे. तेवढ्यावरून आवाजसुद्धा नीट येत नाही, त्यानं कोंबड्या मरत नाहीत.” वर शहाजोगपणे हेही जोडलं की दुपारचा उकाडा असेल, पडदे खाली असतील, हवा कोंडली असेल, कुणी लक्ष ठेवायला होतं का शेडात? मग ती म्हणाली, “बरं बाबा. तू म्हणतोस तर तसं.” फोन ठेवला. मला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं मी अजून विसरू शकत नाही. खोटं बोलल्याची लाज नंतर आली. आधी हायसं वाटलं आणि मग भूक लागली.

आठ दिवसांनी आत्याच्या पप्पूनं, म्हणजे माझ्या आतेभावानं, बोलता बोलता सांगितलं की गिताबाईला काढलं. दुपारची झोपली होती म्हणे, पडदे वर करायचे राहिले. आणि वर विमानाचं नाव सांगते. “लायसनवाला मानूस सांगतोय दोन हजार फूट, आन् ही म्हणतीया पत्र्यावरनं गेलं. कुणाचं खरं मानायचं?” पप्पू त्या दिवशी दूध घालायला डेअरीवर गेला होता, त्यानं काही पाहिलं नव्हतं. मी “हं” म्हणालो. ती आत्याकडे नऊ वर्षं होती. नगरकडून नवऱ्यासोबत आलेली, नवरा गेल्यावरही राहिलेली. राहूत एकदा कुणाबद्दल ‘झोपते’ म्हणून झालं की दुसऱ्या पोल्ट्रीवाल्यांनी तिला कामावर घ्यायचं कशाला? हे सगळं मला ‘हं’ म्हणतानाच समजत होतं. माझे अजून तेवीस तास भरायचे होते. कुणी लेखी तक्रार केली असती तर लायसन हातात पडायच्या आधीच गेलं असतं. मी तराजूच्या एका पारड्यात लायसन ठेवलं आणि दुसऱ्या पारड्याकडे बघितलंच नाही. सांगेन, असं मात्र रोज ठरवायचो. लायसन आलं की. मग मेडिकल झालं की. मग नोकरी लागली की. मध्ये दोन वर्षं गेली. या काळात मी कोंबडी खाणं सोडलं असतं तर निदान ऐकायला बरं वाटलं असतं. सोडलं नाही. खातो.

आणि मग तो इंटरव्ह्यू. त्याची तयारी करून घेणारा एक क्लास कल्याणीनगरला आहे, अनुपमा मॅडम चालवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमच्या हातून झालेली एक चूक विचारतातच. चूक अशी सांगा की ऐकणाऱ्याला तुम्ही आवडाल. पोरं आपापल्या चुका आणायची आणि मॅडम त्या तपासायच्या. एकाची फार लहान, एकाची फार मोठी. मी घरी बसून लिहायला लागलो आणि माझी चूक आपोआप कागदावर आली. पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, निघतंय बाहेर. पण मी लिहीत गेलो तसतसं ते बदलत गेलं. दोनशेचे पाचशे फूट झाले. दोन फेऱ्यांची एक झाली. पुढे ढग होता म्हणून खाली यावं लागलं. चारशे अकराचे चाळीसेक झाले. आत्याची ‘एक शेतकरी महिला’ झाली. आणि शेवटी, त्याच संध्याकाळी मी स्वतः तिच्या दारात गेलो, चूक कबूल केली, मग माझ्या शिकवणाऱ्यालाही सांगितलं, त्या दिवसापासून मी विमानाच्या खाली कोण राहतं याचा आधी विचार करतो. गिताबाई त्यात कुठंच नव्हती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं. “हेच सांग,” त्या म्हणाल्या. मी पॅनेलसमोर तेच सांगितलं, योग्य ठिकाणी अडखळून. समोरचे पिकल्या केसांचे कॅप्टन पुढे झुकले. मला त्या क्षणी खरंच वाटलं की मी त्या संध्याकाळी आत्याच्या दारात गेलो होतो. दार कसं उघडलं ते दिसलं मला.

म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून परतल्यावर मी कुणालाही फोन केला नाही. निमोण्याला आप्पांनासुद्धा नाही. सकाळी मोटारसायकल काढली आणि वाघोली, केसनंद करत राहूला निघालो. जे सांगून नोकरी मिळवली ते निदान आता तरी खरं करावं, असा विचार होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागे रखडताना हेही कळत होतं की उशिरा का होईना सांगितलं असं मनाला समजावता यावं म्हणूनच मी चाललो आहे. चांगुलपणा म्हणून नाही. पण थांबलो असतो तर तेही निमित्तच झालं असतं. हे असं स्वतःच्या डोक्यात शिरून बसायची सवय वाईट, त्यातून माणूस ना धड वाईट राहतो ना धड चांगला.

बातमी माझ्या आधी पोचली होती. निवड झालेल्यांची यादी क्लासच्या पानावर लागली होती, ती पप्पूनं मोबाइलवर पाहिली होती. आत्यानं ताट तयार ठेवलेलं, अंगणातच ओवाळलं, साखर तोंडात घातली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. शेडावर आता बिहारकडचं एक जोडपं होतं. तो पडद्याची दोरी ओढत होता आणि बायकोला हिंदीत काहीतरी ओरडून सांगत होता, मोठ्यानं. आत्या घरात वळली तशी मी म्हणालो, “आत्या, थांब. त्या दिवशी मी दोन हजारांवर नव्हतो.”

“ठाऊक हाय,” ती म्हणाली. ताट तिच्या हातातच होतं. “मी अंगणात व्हते की. तुझ्या गळ्यातली काळी दोरीसुदीक दिसली मला.”

“मग फोनवर का विचारलंस?”

“म्हणलं, बघू काय म्हणतोय.” तिनं निरांजन फुंकरीनं विझवलं नाही, पदरानं वारा घालून विझवलं. “तू न्हाई म्हणलास. मला वाटलं, लेकराला भ्या वाटतंय. मग मी बी न्हाई म्हणले.”

“आणि गिताबाई? तिला का काढलं मग?”

मी इतका शिकलेला असून मला एवढं साधं कळत नाही का, अशा नजरेनं आत्यानं माझ्याकडे पाहिलं. “अरं, तू दोन हजार फुटांवर म्हणल्यावर शेडात कुणीतरी झोपल्यालं असाया पायजे का न्हाई? चारशे पाखरं काय आपली आपून मेली?” मग आवाज उतरवून, “मला का ग्वाड लागलं व्हय ते. नऊ वरसं माझ्याजवळ काढली तिनं. जाताना माझ्या पाया पडून गेली. मी पाय मागं घेतलं.”

मी म्हणालो, मी तिला सांगणार, सगळ्यांदेखत सांगणार. मला वाटलं होतं ती अडवेल. मनात कुठंतरी अडवावं असंही होतं. ती म्हणाली, “सांग की. आता लागली नोकरी. आता तुझं काय वाकडं हुतंय.” आणि ताट घेऊन आत गेली. तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि खरंच तसं होतंही. मी बरोबर तेव्हाच आलो होतो, जेव्हा सांगून माझं काही जाणार नव्हतं.

गिताबाई पारगाव रस्त्याला हौसरावांच्या गुऱ्हाळावर कामाला होती. पप्पू मला तिथंच घेऊन गेला, सत्काराला म्हणून. हौसराव गावचे जुने पुढारी, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांनी खुर्ची टाकली, दहा-बारा माणसं जमवली. कढईतला रस उकळत होता, मळी काढणाऱ्या गुळव्याचा झारा फिरत होता, सगळीकडे गोड, जड वाफ. कढईच्या पलीकडे, खालच्या अंगाला, चुलाणाच्या तोंडाशी एक बाई चिपाडं आत सारत होती. तोंड रुमालानं बांधलेलं. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरे ओरखडे होते, पण ते चिपाडांचेही असतील. मी ओळखलं. तिनंही ओळखलं, कारण तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चिपाडं सारायला लागली.

“या कॅप्टन!” हौसराव म्हणाले. टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला, गरम गूळ उसाच्या कांडीवर घेऊन कुणीतरी हातात दिला. “बोला दोन शब्द.”

मी उभा राहिलो. गूळ खाली ठेवायला जागा सापडेना म्हणून तो हातातच धरून बोललो. “हौसराव, मला एक सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी आत्याच्या शेडातले पक्षी मेले ते माझ्यामुळे मेले. मी विमान खाली आणलं होतं. दोनशे फुटांवर. दोनदा. वर खोटं बोललो. गिताबाई खरं सांगत होत्या.” आवाज कापत होता आणि या वेळी मी तो मुद्दाम कापवलेला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. आता, मला वाटलं. आता जे व्हायचं ते होऊ दे.

“दोनशे फूट?” हौसराव म्हणाले. “म्हंजी आपल्या मोबाइलच्या टावरच्या जरासं वर?”

“हो.”

“आयला!” पप्पू ओरडला. “दोनशे फूट! आन् मला म्हणतोय दोन हजार! भावा, सांगायचं तरी, म्या व्हिडिओ काढला असता की!” त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. “ह्याला म्हणत्यात काळीज,” हौसराव बाकीच्यांकडे वळून सांगू लागले. “नवशिका असताना पोरगं टावरएवढ्यावरनं इमान काढतंय. कंपनी काय उगं घेती व्हय.” सगळे हसले, चांगल्या मनानं हसले. कुणाच्याही हसण्यात खोट नव्हती. एक जण म्हणाला, चारशे कोंबड्या गेल्या पण गावाला पायलट मिळाला. त्यावर पुन्हा हशा. मी हात वर करून “तसं नाही, ऐका,” म्हणत होतो आणि ते आवाजात बुडत होतं. हौसराव चुलाणाकडे वाकून म्हणाले, “काय गं गिताबाई, ऐकलंस का? तुझंच खरं निघालं बघ. पायलट सोता सांगाया आला.”

तिनं तोंडावरचा रुमाल खाली केला. चुलाणाच्या धगीनं चेहरा लाल झाला होता. “मालक, इमानाचं म्या कवाच सोडून दिलं,” ती म्हणाली. “दादाचं चुकलं असं बी म्या म्हणत न्हाई. म्या एवढंच म्हणत व्हते का म्या झोपले न्हवते.” ती माझ्याकडे बघत होती. “म्या झोपले न्हवते, दादा. ते सांगा ह्यांना.”

मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात पप्पूनं माझा दंड धरून मला आपल्याकडे वळवलं होतं. त्याचे डोळे चमकत होते. “एवढ्या खालनं जाताना स्पीड किती असतो रं?” सगळे गप्प झाले. मघाशी माझ्या कबुलीला झाले नव्हते इतके गप्प. गुळव्याही झारा वर धरून थांबला.

“नव्वद नॉट,” मी म्हणालो. मग ते त्यांना समजलं नसेल म्हणून सांगितलं, ताशी एकशे पासष्ट किलोमीटरच्या आसपास. आणि गुळाची कांडी डाव्या हातात घेऊन, उजवा हात तिरपा करून, दुसऱ्या फेरीला विमान कसं वळवलं तेही दाखवलं.